बारा वाव वायर

घरात स्पीकर यायला हरकत नाही, फक्त खिडकीतली खुर्ची हलता कामा नये, एवढी एकच अट जिज्ञासाने घातली होती. अल्पेशने ती इतक्या चटकन मान्य केली की तिला तिथेच शंका यायला हवी होती. नवरा कोणत्या गोष्टी न ऐकताच मान्य करतो, हे एव्हाना कळायला हवं. पण तेव्हा तेजस्वी तिच्या खांद्यावर नुकती झोपली होती, आणि झोपलेलं मूल खांद्यावर असताना माणूस फार खोलात जात नाही.

खुर्ची म्हणजे काही सिंहासन नव्हतं. वेताची, एका बाजूची वीण सुटलेली, बसलं की कुरकुरणारी. पालेगावातल्या त्यांच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, हॉलच्या खिडकीशी ती ठेवलेली होती. खाली सासऱ्यांच्या शेतातला इमारतीत न गेलेला एक तुकडा दिसे, त्यापलीकडे दुसऱ्यांच्या शेतातल्या इमारती, आणि त्याही पलीकडे डोंगर, ज्यावर अजून कोणी 'बुकिंग चालू' असा बोर्ड लावला नव्हता. दुपारी तेजस्वी झोपली की जिज्ञासा तिथे बसे. पाय खिडकीच्या कट्ट्यावर, हातात गार झालेला चहा. कधी तासभर मिळे, कधी पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत आतून 'आऽऽई' अशी हाक येई. पण जेवढा वेळ मिळे तेवढ्यात ती कोणाची आई नसे, सून नसे, कोणाचा मोजा कुठे आहे हे सांगणारी नसे. दिवसातला तेवढाच तुकडा तिचा होता आणि बाकीचा सगळा दिवस त्याच्यावर निघत असे. त्या वेळात हळू आवाजात गाणी ऐकावीत, फोनमधून डास गुणगुणल्यासारखी नव्हे, तर समोर बाई बसून गातेय अशी, हे तिलाही हवंच होतं. म्हणून तर तिने होकार दिला.

स्पीकर आले. अॅम्प्लिफायर आला. राहिली फक्त वायर.

'फक्त वायर' हे शब्द अल्पेशनेच उच्चारले होते, आणि पुढे तो ते कधी बोललाच नव्हता असं शपथेवर सांगू लागला. अल्पेश अंबरनाथला एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता, म्हणजे दुसऱ्याच्या मालात खोट काढणं हा त्याचा पेशाच. त्याने वायरीचा अभ्यास सुरू केला. रोज जेवताना तो फोनवर एक व्हिडिओ लावी. त्यात एक टक्कल पडलेला गोरा गृहस्थ डोळे मिटून दोन वायरींमधला फरक ऐके आणि मग भरल्या गळ्याने काहीतरी सांगे.

"गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढी वायर बारीक," अल्पेश घास हातात धरून म्हणे.

जिज्ञासाला वाटे, बाळंतपणानंतरच्या ड्रेसच्या मापांना हाच नियम लावला असता तर किती बायकांचे आशीर्वाद मिळाले असते.

"आणि तांबं ऑक्सिजन-फ्री पाहिजे."

"आधी आमटी संपव. तीही आता ऑक्सिजन-फ्री झाली असेल."

सल्ल्याला शेजारी होतेच. समोरच्या फ्लॅटमधले सुदामकाका कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि पूर्वी मांजर्लीला राहायचे तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचा मोठा सेट होता. मांजर्लीत नदी घरात शिरली त्या वर्षी काकांनी अॅम्प्लिफायर डोक्यावर घेऊन वाचवला. स्पीकर मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत दाराबाहेर तरंगत गेले. तेव्हापासून काकांचं एक मत पक्कं होतं.

"चौदा गेज घे, सोळा घे, पण वायर कमरेच्या वर ने. जमिनीलगत नको."

"काका, आपण चौथ्या मजल्यावर आहोत."

"पाणी सांगून येत नाही, अल्पेश."

"अहो, त्याचं आधीच डोकं फिरलंय, त्यात तुम्ही नदी कशाला आणता?" अंजनाकाकू आतून ओरडल्या. पण काका लगेच खडूचा तुकडा घेऊन आले आणि त्यांनी हॉलच्या भिंतीवर आपल्या कमरेच्या उंचीला खुणा केल्या. तेजस्वीने त्या खुणांच्या खाली, तिच्या कमरेच्या उंचीला, स्वतःच्या केल्या.

या सगळ्यात जिज्ञासाचे सासरे, जनूबाबा, मिश्री लावत शांत बसले होते. सासूबाई वेणूबाई मुलीच्या बाळंतपणासाठी बदलापूरला गेल्या होत्या, म्हणजे घराचा ब्रेक घरात नव्हता.

"वायर ती वायर," बाबा शेवटी म्हणाले. "बैलाचा कासरा घेताना आमी कधी गेज इचारला नाय. लांबी किती पायजे ते बोल."

इथे खरी कथा सुरू होते. लांबी मोजायला घरात टेप होती. पण ती ओढून सोडली की सर्रकन आत जाते हा शोध तेजस्वीने लावल्यापासून ती कुठे असते हे फक्त तिलाच माहीत होतं, आणि तिला अजून 'आई'पलीकडे बोलता येत नव्हतं. शिवाय टेप सापडली असती तरी बाबांनी ती घरात वापरू दिली नसती.

"टेपवाले आले न आमची जमीन कमी जाली," ते म्हणत. बिल्डरची माणसं टेप घेऊन आली तेव्हा बाबांच्या हिशेबाने भरपूर असलेलं शेत त्यांच्या कागदावर आखडलं होतं. बाबा ते विसरले नव्हते. तरुणपणी मामाच्या मिठागरावर त्यांनी बांध घातले, दोर ओढले, ते सगळं वावेने मोजून. दोन्ही हात आडवे पसरायचे. एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत एक वाव. बाबा ताडमाड उंच होते आणि त्यांचे हात तर त्यांच्याही मानाने लांब. ते उठले, भिंतीला छाती लावली, हात पसरले आणि "येऽऽक" म्हणाले. मग सरकून पुन्हा मिठी. "दोऽऽन." असं घराला मिठ्या मारत मारत ते स्वयंपाकघराच्या दारापासून निघाले, कारण हॉलमधलं एकुलतं एक धड सॉकेट बिल्डरने तिथेच दिलं होतं. खिडकीच्या भिंतीने जाऊन, कोपरा वळून, ते पार टीव्हीच्या भिंतीपर्यंत पोचले. वाटेत कॅलेंडर पडलं. तेजस्वी खदखदून हसत त्यांच्या मागे मागे रांगत होती, आणि ते थांबले की तीही भिंतीला पालीसारखी चिकटत होती.

"दोनी स्पीकरचं मिलून बारा वाव," बाबांनी जाहीर केलं. "वर येक बोट नको."

वायर घ्यायला उल्हासनगरलाच जायचं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. उल्हासनगरात जे मिळत नाही ते अजून बनलेलं नसतं. जिज्ञासाही तेजस्वीला कडेवर घेऊन निघाली, कारण हे बापलेक एकटे गेले तर वायरीऐवजी आणखी दोन स्पीकर घेऊन येतील अशी तिला रास्त भीती होती.

मधुशेठचं दुकान एका बोळात होतं आणि दुकानही बोळासारखंच होतं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत वायरींची भेंडोळी, मधे एक माणूस मावेल एवढी वाट, आणि त्या वाटेत मधुशेठ. बुटके, गोल, हसरे. अल्पेशने आल्याबरोबर वायरीचं टोक लायटरवर धरलं. खरं तांबं आणि तांब्याचं पाणी दिलेलं अॅल्युमिनियम यांतला फरक त्याला टक्कलवाल्याने शिकवला होता.

"जला लो, जला लो," मधुशेठ मायेने म्हणाले. "दुकान मत जलाना बस. कितना मीटर?"

"मीटर नाय. बारा वाव," जनूबाबा म्हणाले.

"वाव मतलब?"

बाबांनी बोळात उभं राहून हात पसरून दाखवले. जाणाऱ्या दोन स्कूटर थांबल्या. मधुशेठचा चेहरा एकदम उजळला.

"अरे साईं! ये तो अपना ही माप है! हमारे दादा कपड़ा ऐसे ही देते थे. आजकल किसको आता है? सब मशीन, सब मीटर."

"टेपवाल्यांनी वाट लावली," बाबा म्हणाले.

"बिलकुल लगाई!"

दोन म्हातारे एकमेकांकडे अशा काही प्रेमाने बघायला लागले की जणू फाळणीत हरवलेले भाऊ भेटले. चहा आला. मधुशेठनी भेंडोळं खाली घेतलं आणि हात पसरून मोजायला लागले, "एक, दो...", आणि बाबा मान डोलावून प्रत्येक वावेला साथ देत राहिले. अल्पेश जळलेल्या टोकाचा वास घेत होता. जिज्ञासा तेजस्वीच्या तोंडातून बॅटरीचा सेल काढत होती. मधुशेठचे हात मुळातच आखूड, त्यात दुकान इतकं अरुंद की पूर्ण पसरायच्या आत दोन्हीकडच्या वायरींवर आपटतात, हे पाहायला एकही माणूस मोकळा नव्हता. बारा झाल्यावर मधुशेठनी आणखी एक वाव मोजून दिली. "ये बच्ची के नाम की."

घरी आल्यावर अल्पेशने हातोडी काढली आणि सोसायटीच्या सेक्रेटरी उमाताईंचा मेसेज आला की दुपारी ठोकाठोकीला बंदी आहे. बंदी संपल्यावर ठोकायला सुरुवात केली तर मेसेज आला की संध्याकाळी भजनाचा क्लास असतो. मग अल्पेशने क्लिपा हातोडीला रुमाल गुंडाळून ठोकल्या. त्याने आवाज कमी झाला नाही, फक्त क्लिपा वाकड्या झाल्या. उजव्या स्पीकरची वायर बसली. डावीकडची निघाली, काकांच्या खुणांवरून, कमरेच्या वर, खिडकीच्या भिंतीने, आणि खिडकी ओलांडून जरा पुढे गेल्यावर संपली.

संपली म्हणजे पूर्णच संपली. अल्पेश टोक हातात धरून उभा होता आणि स्पीकर समोरच्या भिंतीशी, लांब, होडी चुकलेल्या माणसासारखा.

"ओढ जरा," बाबा म्हणाले.

ओढली. क्लिपा निघाल्या, वायर तेवढीच राहिली. बाबांनी भिंत पुन्हा मोजली. बारा. मग वायर खाली पसरून मोजली आणि ते गप्प झाले. जिज्ञासाने आजवर त्यांना तीन प्रसंगी गप्प पाहिलं होतं, त्यातला एक तिच्या लग्नातला होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ते मधुशेठ... उंचीला जरा..."

बाबांनी डोळे मिटले. दुकान आठवलं, मधुशेठ आठवले, त्यांचे हात आठवले.

"माप बराबर हाय," ते म्हणाले. "मानूस बारका हाय."

कोणत्याही शहाण्या घरात यानंतर वायरीचा तुकडा आणून जोड दिला गेला असता. पण अल्पेशच्या टक्कलवाल्याने जोडाला 'संगीताचा खून' म्हटलं होतं. आणि बाबा म्हणाले, "गाठीचा दोर मिठागराव कोन हातात पन घेत नवता." अल्पेशच्या लग्नानंतर बापलेकांचं प्रथमच एखाद्या गोष्टीवर एकमत झालं, तेही नेमकं चुकीच्या गोष्टीवर. दुसरी अख्खी वायर आणू या म्हटलं तर बाबा दुखावले. आपलं माप कमी पडलं असं उल्हासनगरात कोणी म्हणावं, हे त्यांना सोसवणारं नव्हतं.

"वायर स्पीकरपाशी जात नाही ना," सुदामकाकांनी तोडगा काढला, "मग स्पीकर वायरीपाशी आणा."

हे वाक्य ऐकायला किती निरुपद्रवी वाटतं!

डावा स्पीकर अलीकडे आला. मग काका म्हणाले, दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. म्हणून उजवा हलला. उजव्याच्या जागी टीव्ही आला, टीव्ही समोर आला म्हणून सोफा फिरला. सोफा फिरल्यावर फ्रिजचं दार अर्धंच उघडू लागलं. त्यातून दुधाचं पातेलं बाहेर येई, पण परत जात नसे. म्हणून फ्रिज सरकत सरकत दाराबाहेर पॅसेजमध्ये गेला. काका मधे सुतळी धरून उभे राहत आणि "कोन चुकतोय, कोन चुकतोय" म्हणत. अंजनाकाकू दारातून म्हणाल्या, "यांनी आमच्याकडे असाच त्रिकोण केला होता. नदी आली म्हणून सुटले मी."

पॅसेज ही सामायिक जागा. उमाताई आल्या, त्यांनी फ्रिजकडे पाहिलं, फ्रिजने त्यांच्याकडे. अर्ज लागेल म्हणाल्या. अर्ज दिला तर कमिटीची सभा लागेल म्हणाल्या. सभेला कोरम लागेल, कोरमला चेअरमन लागतील, चेअरमन लोणावळ्याला. शेवटी सभा पॅसेजमध्येच, फ्रिजला टेकून भरली. उकाडा फार होता म्हणून जिज्ञासाने सगळ्यांना फ्रिजमधलं ताक दिलं. सभेने ताकाबद्दल आभार मानले आणि फ्रिज बेकायदा ठरवला.

फ्रिज आत आला तशी आतल्या एका नगाला नवी जागा शोधणं भाग होतं.

त्या दुपारी जिज्ञासा तेजस्वीला झोपवून, चहा घेऊन, पाय न वाजवता हॉलमध्ये आली. तिच्या खुर्चीत स्पीकर बसला होता. काळा, चौकोनी, अगदी ऐसपैस. वर धूळ बसू नये म्हणून अल्पेशने त्याच्या डोक्यावर तेजस्वीचं लाळेरं घातलं होतं.

ती चहा घेऊन तशीच उभी राहिली.

"तात्पुरतं आहे," अल्पेश घाईने म्हणाला. त्याने रजा टाकली होती. "वायर बरोब्बर तिथवर पोचते. उंचीही कशी परफेक्ट आलीय बघ."

"अट काय होती आपली?"

"खुर्ची हलवलेली नाहीये ना! तिथेच आहे." मग त्याला वाटलं आणखी समजावून सांगावं, आणि नवऱ्यांना हे नेहमी चुकीच्या वेळी वाटतं. "शिवाय ती दिवसभर रिकामीच असते गं."

जिज्ञासा स्वयंपाकघरात गेली, ओट्याला टेकून उभ्या उभ्या चहा प्यायली, कप विसळला, पालथा घातला. रागावून आपटला असता तर अल्पेशला बरं वाटलं असतं. रात्रीच्या जेवणात वरणात मीठ होतं, पोळ्या मऊ होत्या, सगळं व्यवस्थित होतं. त्या व्यवस्थितपणाने अल्पेशचा जीव इतका घाबरला की त्याने त्या दिवशीचा व्हिडिओसुद्धा लावला नाही.

जनूबाबांनी मात्र सगळं पाहिलं होतं. सून रोज दुपारी त्या खुर्चीत बसते आणि तेव्हा घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, हे त्यांना अल्पेशपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्याच वेळी तेही आतल्या खोलीत मिश्री न थुंकता बसून राहत असत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टोपी घालून कुठेतरी गेले आणि दुपारी रिक्षातून परत आले. बरोबर मधुशेठ होते, आणि मधुशेठच्या मांडीवर वायरीचं अख्खं भेंडोळं.

"वायर यांनी मोजली," बाबांनी दारातूनच सांगितलं, "तर भिंत पन यांनीच मोजाय पायजे. न्याय सगल्यांना सारका."

"बाबा, मी टेप शोधतो ना," अल्पेश म्हणाला.

दोन्ही म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो सोफ्यावर बसला.

मधुशेठनी चपला काढल्या, पोट आत घेतलं आणि भिंतीला मिठी मारली. "एक." सरकले. "दो." इथे त्यांचे हात मोकळे पसरत होते, दुकानातल्यापेक्षा जास्त. हे ध्यानात आल्यावर ते थांबले, आणि दुकानात जितके आखडत होते तेवढे आखडून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. बाबांच्या डोळ्यांत आदर दाटून आला. "मानूस इमानदार हाय," ते जिज्ञासाच्या कानात म्हणाले. "हात आखूड, त्यात त्याचा काय दोस?" बाबांच्या बारा वावा मधुशेठच्या सोळाच्या वर भरल्या. दोघांनी एकमेकांची पाठ थोपटली. कोणाचंच माप चुकलं नव्हतं, ही गोष्ट दोघांनी उमाताईंपर्यंत सगळ्यांना बोलावून सांगितली.

नवी वायर अखंड, बिनगाठीची, कोपरा वळून थेट जागेवर पोचली. टीव्ही आपल्या भिंतीला गेला, सोफा फिरला, फ्रिजचं दार पूर्ण उघडलं. "हे घ्या तुमचं आसन," म्हणत अल्पेशने लाळेरं काढून खुर्ची शर्टाच्या बाहीने पुसली. जिज्ञासा हसली. तिची खुर्ची तिला परत मिळाली.

आणि लगेच गेली.

कारण सुतळीने मोजल्यावर काकांच्या त्रिकोणाचा तिसरा कोन बरोब्बर त्या खुर्चीत पडत होता. अल्पेश सहज म्हणून बसला, गाणं लावलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. गाणारी बाई खोलीच्या मधोमध उभी होती. श्वास घेतलेला ऐकू येत होता. मग बाबा बसले. मधुशेठ बसले, त्यांनी डोळे पुसले आणि तसेच खुर्चीत झोपले. दुसऱ्या दिवसापासून सुदामकाका जेवण झालं की "पाचच मिनिटं" म्हणून येऊ लागले. अंजनाकाकू त्यांना न्यायला येत आणि "सरका बघू" म्हणून स्वतः बसत. उमाताई आवाजाची पातळी तपासायला आल्या आणि सगळी गाणी संपेपर्यंत तपासत राहिल्या. बाबांना तर हळदीची गाणी त्या खुर्चीतच ऐकायची असत. जिज्ञासा चहा घेऊन येई, खुर्ची भरलेली बघे आणि ओट्याकडे वळे. स्पीकरला उठवता तरी आलं असतं. सासऱ्यांना कसं उठवणार?

एका सकाळी ती पोळ्या लाटत असताना हॉलमध्ये फार शांतता पसरली. मूल रांगतं असलं की शांततेएवढं भयंकर काही नसतं. तेजस्वी डाव्या स्पीकरच्या मागे बसली होती आणि वायरीची दोन्ही टोकं उपटून, एकेक करून, चाखून बघत होती. "अगं राक्षसिणी!" अल्पेश आंघोळीत होता. जिज्ञासाने पिठाच्या हाताने टोकं पुसली, दिसल्या भोकांत खुपसली, स्पीकर सारखा केला आणि तेजस्वीला उचलून पोळीचा तुकडा दिला.

संध्याकाळी अल्पेश खुर्चीत बसला, गाणं लावलं आणि उठून उभा राहिला. परत बसला. मान डावीकडे, मान उजवीकडे.

"बाई कुठे गेली?"

"कंची बाय?" बाबा दचकले.

"गाणारी! तबला इकडे येतोय, तिकडे येतोय, पण बाई मधे नाहीये. सगळं पोकळ झालंय."

बाबा बसून आले. काका बसून आले. ढोल कुठेतरी भिंतीच्या आत वाजत होता. काकांनी हनुवटी खाजवली. "लाल-काळं उलटं नाही ना बसलं एका स्पीकरला? तसं झालं की एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. बरोब्बर मधे बसलेल्याच्या वाट्याला काही येत नाही."

जिज्ञासा तेजस्वीला भरवत होती. तिचा चमचा हवेतच थांबला. तेजस्वीने मान पुढे करून तो गाठला.

"काका," अल्पेश ताठ झाला, "मी क्वालिटीत आहे. वायर मी स्वतः लावलीय."

"अरे, बघायला काय जातंय?"

"नाही बघणार. मी बघितलं म्हणजे मला स्वतःवरच शंका आहे असं होतं."

मग दोष खिडकीच्या काचेवर गेला, काचेवरून भिंतीवर, भिंतीवरून बिल्डरवर, आणि बिल्डरवर गेल्यावर बाबांना सगळं पटलं. "सिमिट मारलान त्यानं. आवाज शोसून घेतंय." अल्पेश खोलीभर फिरून ऐकून आला. सोफ्याच्या डाव्या टोकाला त्यातल्या त्यात बरं ऐकू येत होतं. बाबा तिकडे सरकले, काका त्यांच्या शेजारी, अंजनाकाकूंनी आणखी एक उशी मागितली. "त्या खुर्चीत आवाज मरतो," अल्पेशने निकाल दिला. "तिथे कोणी बसू नका."

कोणी बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अल्पेश कामावर, बाबा खाली शेताच्या तुकड्यावर. तेजस्वी पालथी झोपली होती, मुठी मिटून, घामाने केस कपाळाला चिकटलेले. जिज्ञासाने तिच्यावर पातळ दुपटं टाकलं, दार लोटलं, चहा केला. मग गुडघ्यांवर बसून डावा स्पीकर हलकेच पुढे ओढला. लाल टोक काळ्यात होतं, काळं लालात, आणि दोन्हींवर सुकलेलं पीठ होतं. तिने ती काढली, जिथली तिथे लावली आणि खुर्चीत येऊन पाय कट्ट्यावर ठेवले. खुर्ची कुरकुरली. अगदी हळू आवाजात बाई खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली, श्वास घेतला, आणि तिच्या एकटीसाठी गायला लागली. चहा गार व्हायच्या आत संपला, हे कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच झालं असावं.

आत हालचाल झाली. जिज्ञासाने गाणं बंद केलं. "आले गं," म्हणत तिने स्पीकरमागे हात घालून लाल टोक पुन्हा काळ्यात घातलं, काळं लालात, स्पीकर होता तसा भिंतीला टेकवला, आणि जाता जाता सोफ्याच्या डाव्या टोकावरच्या उशा झटकून नीट रचल्या. संध्याकाळी मंडळी येणार, त्यांना बसायला बरं पडावं.